ओकच्या पोडियमचा हेवा

मी एक जुना पोडियम आहे, ओकच्या लाकडाचा. मित्रांनो, भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो, ज्यावर आपले कागद ठेवतो आणि घसा कोरडा पडला की ज्याच्या खणातल्या पाण्याच्या ग्लासाकडे हात नेतो, तो मी. लाकूड शांत स्वभावाचे असते असे लोक समजतात. माझे तसे नाही. मला हेवा फार लवकर वाटतो आणि एकदा वाटला की सहजासहजी जात नाही. म्हणून माझी गोष्ट सांगायची तर ती या हेव्याचे बोट धरूनच सांगावी लागेल.

माझा जन्म नेदरलँड्समधला, गौडा शहराजवळच्या एका खेड्यातला. तिथल्या छोट्या चर्चसाठी एका सुताराने मला घडवले. वरचा फळा उतरता केला, कागद घसरू नयेत म्हणून खाली पट्टी ठोकली, पुढच्या बाजूला एक उघडे पुस्तक कोरले. कोरताना त्याची छिन्नी निसटली आणि पुस्तकाचे एक पान दुमडल्यासारखे दिसू लागले. सुतार स्वतःवर चिडला. पाहणाऱ्यांना मात्र वाटले की ही त्याची मुद्दाम केलेली कलाकुसर आहे. त्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि सुतार गप्प राहिला.

पण ते कौतुक चार दिवसांचे. त्या चर्चमध्ये उंच, चकाकत्या नळ्यांचा ऑर्गन होता. माणसे आत आली की आधी मान वर करून त्याच्याकडे पाहत. माझ्याकडे पाहायला मान वर करावी लागत नसे. ऑर्गन वाजू लागला की माझ्या अंगातले खिळे हलत, इतका त्याचा आवाज मोठा. तो माझा पहिला हेवा.

हिवाळ्यात मात्र माझे दिवस येत. ऑर्गन बंद असे आणि गावातले शाळामास्तर डिर्क माझ्यामागे उभे राहून व्याख्याने देत. विषय दरवर्षी एकच: हॉलंडचे विचारवंत. हॉलंड म्हणजे आजचा सगळा देश नव्हे, तर समुद्राकाठचा जुना प्रांत, हे ते आधी समजावून सांगत आणि मग एकेका माणसाला समोर आणून उभा करत. रॉटरडॅमचा इरॅस्मस, ज्याला धर्माच्या भांडणात दोन्ही बाजूंचे लोक आपल्याकडे ओढत होते आणि जो कोणाच्याच झेंड्याखाली गेला नाही. त्याचा ब्राँझचा पुतळा पुस्तक वाचत उभा आहे आणि घड्याळाचे टोले ऐकू आले की तो पान उलटतो, असे तिथली मुले म्हणतात. "ब्राँझला टोले कसे ऐकू येतील?" असे एखादा हुशार मुलगा विचारी, आणि डिर्क मास्तर म्हणत, "म्हणून तर अजून पान उलटलेले नाही." मग ग्रोशियस. त्याला किल्ल्यात डांबले होते आणि त्याच्या बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटाऱ्यात लपवून पहारेकऱ्यांच्याच हातांनी बाहेर काढले. मग स्पिनोझा. तेविसाव्या वर्षी त्याच्या समाजाने त्याला वाळीत टाकले. नंतर तो भिंगे घासून पोट भरत राहिला, पण विचार करायचे थांबला नाही.

मास्तरांचा सर्वांत लाडका होता कोर्नहर्ट. तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा हा कारागीर तिशीच्या आसपास लॅटिन शिकला आणि पंडितांशी वाद घालू लागला. धर्माच्या नावाने माणसे मारू नका, हे तर तो म्हणेच. पण त्याचे खरे वेड निराळे होते. ज्यांची मते त्याला पटत नव्हती, त्यांनाही बोलू द्या म्हणून तो भांडला. त्यासाठी त्याचे स्वतःचे तोंड बंद केले गेले. तो गौड्यातच वारला, म्हणून मास्तरांना तो शेजारच्या घरातला वाटे. त्याचे नाव घेताना मास्तर माझ्यावर हलकेच मूठ आपटत. ती मूठ मला अजून आठवते.

पुढे मास्तर गेले. चर्चला येणारी माणसे कमी होत गेली आणि शेवटी इमारत विकली गेली. आज तिथे लोक राहतात. जिथे मी उभा होतो तिथे कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे असे ऐकतो. ऑर्गन एका संग्रहालयाने मानाने नेला. मला कोणीतरी निळा रंग फासला आणि माझ्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. नंतर मी झूटरमेर गावातल्या क्रिंगलोपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात येऊन पडलो. शेजारी लहान मुलांच्या सायकली होत्या. रोज एखादी जाई. मी तिथेच. सायकलींचाही मला हेवा वाटला, आता लपवून काय करू?

तिथे मला हर्षाने पाहिले.

हर्षा मूळची भुसावळची. द हेगमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करायची. नवरा केतनही त्याच क्षेत्रातला. मुलगी गुंजन तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. केतन मुलीसाठी खुर्ची शोधत होता आणि हर्षा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात माझ्या कडांवर ठेवले, समोरच्या जुन्या कपाटांकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "जय भीम. आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष..."

केतन मागून हसला. "अगं, कपाटं ऐकतायत बघ कशी मन लावून."

"केतन, हा घेऊया."

"फ्लॅटमध्ये पोडियम? पाहुणे आले की भाषण देणार आहेस?"

"एप्रिलला लागतोच ना आपल्याला. दर वर्षी त्या घडीच्या टेबलावर वाकून बोलायचं म्हणजे पाठ जाते."

समोरच्या बाजूला मोठी पेटी असलेली एक सायकल उसनी आणून त्यांनी मला घरी नेले. पेटीत मी आडवा, माझ्यावर गुंजन बसलेली. बाल्कनीत हर्षाने माझा निळा रंग खरवडून काढला आणि जवसाचे तेल लावले. पुसता पुसता तिचा अंगठा त्या दुमडलेल्या पानावर आला. "हे बघ," ती केतनला म्हणाली, "वाचता वाचता कोणीतरी खूण करून ठेवलीय." इतक्या वर्षांनी माझ्याकडे कोणी नीट पाहिले होते. त्या क्षणापासून मी तिचा झालो.

झूटरमेर आणि आसपासच्या गावांत हर्षाच्या समाजाची बरीच कुटुंबे आहेत. त्यांचे एक मंडळ आहे आणि बाबासाहेबांची जयंती ते दरवर्षी वस्तीच्या सभागृहात साजरी करतात. मुख्य भाषण हर्षाचे. ती माझ्यामागे ताठ उभी राही. कागद पट्टीवर, उजवा अंगठा माझ्या कडेवर. बोलताना तो अंगठा ती नकळत घासत राही. वर्षानुवर्षे घासून ती जागा गुळगुळीत झाली आहे. ती आवाज चढवत नसे. पण एखादे वाक्य संपवून ती थांबली की मागच्या रांगेतले लहान मूलदेखील थांबे. भाषणानंतर बायका येऊन तिचे हात हातात घेत. मंडळाचे अध्यक्ष शिवाजीदादा दरवर्षी म्हणत, "हर्षा, तू बोललीस की आम्हाला गावाकडे गेल्यासारखं वाटतं."

जयंती संपली की मी पुन्हा त्यांच्या घरात, बैठकीच्या खिडकीशी. गुंजन माझ्या खाली घर घर खेळायची. पुढे ती शाळेत गेली, आणि आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देऊ लागली. हर्षा म्हणायची, "मराठीत सांग ना बाळा." गुंजन खांदे उडवायची. एक हजार माणसांना थांबवू शकेल अशी बाई स्वतःच्या लेकीपुढे हरायची. मी ते रोज पाहत होतो.

मग निशिगंधा आली.

ती नांदेडची. लायडनच्या विद्यापीठात संशोधन करायला आलेली, आणि विषय कोणता? हॉलंडचे विचारवंत! माझे विचारवंत! मंडळाने एका हिवाळी रविवारी तिला अनौपचारिक व्याख्यानाला बोलावले. मला मानाने सभागृहात नेऊन मधोमध उभे केले होते. ती आली, तिने माझ्याकडे पाहिले आणि अदबीनेच म्हणाली, "याला थोडं बाजूला सरकवलं तर चालेल का? मला फिरत बोलायची सवय आहे." दोघांनी मला भिंतीशी ढकलले. तिने कुर्त्याच्या कॉलरला अंगठ्याएवढा माइक लावला. बाहेर पाऊस होता; उशिरा आलेल्या कोणीतरी आपला ओला कोट माझ्यावर टाकला. मग दुसरा. मग तिसरा. कोटांच्या आडून मी ते व्याख्यान ऐकले.

आणि ती चांगली बोलली, मित्रांनो. वाईट बोलली असती तर बरे झाले असते. ती रांगांमधून फिरत होती, एखाद्याच्या खुर्चीवर हात ठेवून प्रश्न विचारत होती. पेटाऱ्याची गोष्ट तिने अशी सांगितली की पेटारा उचलणारे पहारेकरी "अरे, आज पुस्तकं फार जड आहेत" असे अगदी मराठवाडी ठसक्यात कुरकुरले, आणि सगळे सभागृह हसले. डिर्क मास्तरांच्या वेळी इतके कोणी हसले नव्हते. त्या अंगठ्याएवढ्या माइककडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला ना कोरीव काम, ना वजन, ना वय.

पण खरी ठिणगी पुढे पडली. कोर्नहर्टची गोष्ट ऐकून तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. चौदा वर्षांची गुंजन उभी राहिली. तिने डच बोलायला तोंड उघडले, थांबली, आणि म्हणाली, "पण त्याला... भीती नाही वाटला? सगळे विरुद्ध असताना?"

मराठीत! मोडकी-तोडकी, पण सगळ्यांदेखत, स्वतःहून. निशिगंधाने चूक दुरुस्त केली नाही. "वाटली असणार," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, भीती वाटत असताना माणूस कसा बोलत असेल?" आणि गुंजन बोलतच राहिली.

हर्षा पहिल्या रांगेत होती. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ मी चांगली ओळखतो. भाषणाच्या वेळी ती जशी ताठ असते तशी ती त्या दिवशी नव्हती.

शेवटी निशिगंधाने एक प्रश्न टाकला. "आपण समतेबद्दल बोलतो. मग विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पला, तिथे सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणारी आपलीच मुलं राहतात, ती या खोलीत का नाहीत? त्यांना कोणी बोलावलं होतं का?"

खुर्च्या करकरल्या. शिवाजीदादांनी घड्याळ पाहिले आणि चहा तयार असल्याचे जाहीर केले.

घरी आल्यावर हर्षाने भांडी इतक्या जोरात लावली की केतन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. छान बोलली."

"हो. छानच बोलली."

"तेच म्हणतेय ना मी!" एक झाकण खाली पडले. "आठ वर्षं मी या मुलीला म्हणतेय, मराठीत बोल, मराठीत बोल. आणि ती बाई येते, अर्धा तास इकडून तिकडे फिरते, आणि हिला मराठी फुटते."

केतनने झाकण उचलून ओट्यावर ठेवले. "हर्षा, तुला हेवा वाटतोय."

"वाटतोय. मग?"

मी खिडकीशी उभा राहून मनात म्हणालो, मलाही. त्या घरात तेव्हा आम्हा दोघांइतके एकमेकांना कोणीच समजू शकत नव्हते.

मार्च महिन्यात मंडळाची बैठक हर्षाच्याच घरी झाली. शिवाजीदादा सोफ्यावर बसले होते. ते मनाने वाईट नाहीत. नव्याने आलेल्या कितीतरी मुलांना त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतले आहे. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बंद होता.

"या वर्षी निशिगंधाने जयंतीला बोलायचं असं ठरत होतं," ते म्हणाले. "मला ते बरोबर वाटत नाही. नगरपालिकेतल्या बाई येणार, बाहेरचे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर ती पुन्हा तोच प्रश्न विचारणार. म्हणजे आपण आपल्याच लोकांना बोलावत नाही, असं जगजाहीर."

"पण दादा, ते खोटं आहे का?" केतनने विचारले.

"खरं-खोटं नंतर बघू. आपल्या घरातलं आपल्या घरात. आणि बाबासाहेबांच्या दिवशी डचांचं पुराण कशाला? भाषण हर्षाच करेल, नेहमीसारखं. हर्षा, चालेल ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. मीही पाहिले. तिने हातातल्या बिस्किटाचे दोन तुकडे केले, मग चार केले. तिला जे हवे होते ते बशीत घालून कोणीतरी पुढे केले होते. ती "हो" म्हणाली नाही. "नाही" म्हणाली नाही. बिस्किटाचा चुरा तिने तळहातावर गोळा केला आणि ती गप्प राहिली. दादांनी तो होकार समजला.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुन्हा मधोमध मीच. पुन्हा पट्टीवर कागद, कडेवर अंगठा. हर्षाने मला तेल लावायला काढले तेव्हा मी जणू नवा झालो. पण तिचा हात नेहमीसारखा फिरत नव्हता. एकाच जागी ती फडके घासत राही.

गुंजन शाळेतून आली आणि दप्तरासकट तिथेच थांबली.

"आई, हे खरंय?" तिने नेहमीसारखे डचमध्येच विचारले. "निशिगंधाताईचं भाषण कॅन्सल केलं?"

"मंडळाने ठरवलं."

"तू काय म्हणालीस?"

"मी काही म्हणाले नाही."

"प्रेसीस," गुंजन म्हणाली.

डचमध्ये या शब्दाचा अर्थ 'नेमकं तेच'. शाळेत मुले तो दिवसातून शंभरदा वापरतात. पण हर्षाच्या हातातले फडके थांबले. गुंजन आत निघून गेली आणि तेलाची वाटी बराच वेळ तशीच उघडी राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. निशिगंधा आली होती. झूटरमेरपर्यंत रेल्वेने आणि पुढे पायी. केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने बूट दारातच काढले आणि उभ्यानेच म्हणाली, "ताई, मी भांडायला नाही आले. माझं काही चुकलं असेल तर तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"बस तरी," हर्षा म्हणाली. मग तिने चहा टाकला. बराच वेळ दोघी हवेबद्दल बोलल्या. नेदरलँड्समध्ये बोलायला काही नसले की माणसे हवेबद्दल बोलतात, आणि तिथली हवा त्यांना कधी निराश करत नाही.

शेवटी हर्षाच म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. तू चांगली बोलतेस. फार चांगली. कागद लागत नाही, आधार लागत नाही."

निशिगंधा विचित्र हसली. "आधार लागत नाही? ताई, मी फिरते का, माहितीये? एका जागी उभी राहिले की माझे पाय लटपटतात. लहानपणी शाळेत एकदा भाषण करताना इतके लटपटले की सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी फिरत बोलते, म्हणजे कोणाला दिसत नाही. तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मी नांदेडला असताना पाहिला होता. याच्यामागे उभ्या होतात तुम्ही." तिने माझ्याकडे बोट केले. "पूर्ण वेळ एका जागी. झाडासारख्या. मला इतका हेवा वाटला होता तुमचा. अजूनही वाटतो."

हर्षाने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"आणि तो प्रश्न," निशिगंधा पुढे म्हणाली, "तो मी कोणाला टोचायला नव्हता विचारला. माझा मावसभाऊ रविकांत तिकडेच राहतो, बाडहूव्हडॉर्पला. गेल्या वर्षी जयंतीला तो या सभागृहाच्या दारापर्यंत आला होता. काचेतून सूट घातलेली माणसं दिसली. हा कामाच्या जॅकेटमध्ये होता. तसाच परत गेला."

"आत यायचं होतं ना त्याने!"

"कोणी 'ये' म्हणालं नाही, ताई."

ती गेल्यावर हर्षा येऊन माझ्यामागे उभी राहिली. समोर रिकामी बैठक होती. तिचे हात माझ्या कडांवर होते, पण अंगठा हलत नव्हता. मला वाटले होते, आता आपल्या दोघांचा हेवा संपेल. खोटे का सांगू, माझा तसूभरही कमी झाला नव्हता. तिचाही झाला नसावा. तिचे दात घट्ट आवळलेले होते. फक्त स्वतः तोंड मिटून बसणे तिला आता सहन होत नव्हते.

जयंतीचा दिवस उजाडला. सभागृह भरले होते. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमांना हार घातले गेले, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, मुलांनी गाणी गायली. नगरपालिकेतल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शिवाजीदादांनी हर्षाचे नाव पुकारले आणि टाळ्या वाजल्या. ती माझ्यामागे आली. कागद तिने पट्टीवर ठेवले, पण उलटे. कोरी बाजू वर.

"जय भीम," ती म्हणाली. "मी आज इथे उभी आहे, कारण इथे जिने उभं राहायचं होतं तिला नको म्हटलं गेलं. ते माझ्या घरात ठरलं. माझ्यासमोर. आणि मी गप्प बसले."

शिवाजीदादा खुर्चीतून अर्धे उठले.

"दादा, दोन मिनिटं बसा. मी कोणावर आरोप करत नाही. मी का गप्प बसले ते सांगते. मला निशिगंधाचा हेवा वाटतो. ती माझ्यापेक्षा चांगली बोलते म्हणून वाटतो, माझी मुलगी तिच्याशी मराठीत बोलते म्हणून त्याहून जास्त वाटतो. हे सांगितल्याने तो जाईल असं वाटलं होतं. नाही गेला. अजून आहे." कोणीतरी हसले, मग ओशाळून थांबले. "पण ज्या माणसाची आपण जयंती करतोय, त्यांना किती ठिकाणी बोलू दिलं गेलं नाही, हे या खोलीतल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्यांच्याच दिवशी, त्यांच्याच फोटोसमोर आपण एका मुलीला गप्प करायचं, आणि तिच्या जागी मी भाषण ठोकायचं? मला ते जमणार नाही. निशिगंधा, ये इकडे."

निशिगंधा मागच्या रांगेतून आली. तिने माइक लावला नव्हता. तिला बोलायचे आहे हे तिलाच ठाऊक नव्हते. हर्षा बाजूला झाली आणि हळू आवाजात म्हणाली, जे फक्त तिला आणि मला ऐकू आले: "पाय लटपटले तर याला धर. हा हलत नाही."

आणि तिने मला धरले. मित्रांनो, तिचे हात खरोखर थरथरत होते. ते कंपन माझ्या लाकडात उतरले. मी इतक्या माणसांचे हात पाहिले आहेत, पण कोणाला माझी एवढी गरज पडली नव्हती. मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो. ती कोर्नहर्टबद्दल बोलली, डचांचे पुराण म्हणून नव्हे, तर चारशे वर्षांपूर्वी याच मातीत एका कारागिराला पडलेला प्रश्न म्हणून. जो मला आवडत नाही त्याच्या तोंडावर हात ठेवायचा अधिकार मला कोणी दिला, हा तो प्रश्न. मग तिने आपला प्रश्न पुन्हा विचारला आणि रविकांतची गोष्ट सांगितली. काच, सूट, कामाचे जॅकेट.

आणि मग, अर्ध्यातच, तिने मला सोडले. पाय सावरले होते. ती चालू लागली, रांगांच्या मधून, नेहमीसारखी. माझ्यामागे कोणीच उरले नाही. मला काय वाटले ते विचारू नका. पण हर्षा जवळच उभी होती. तिने कोपर माझ्या फळ्यावर टेकले आणि संपूर्ण भाषण ती तशीच टेकून ऐकत राहिली.

भाषण संपले तेव्हा टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. सगळे शिवाजीदादांकडे पाहत होते. ते उठले. लाल चेहऱ्याने आधी हर्षाला म्हणाले, "तू हे मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो दादा. हवं होतं."

"आणि मी विचारायला हवं होतं." त्यांनी घसा खाकरला. मग सगळ्यांकडे वळून, अजून रागातच, म्हणाले, "पुढच्या रविवारी मी बाडहूव्हडॉर्पला जातोय. माझ्या गाडीत जागा आहे. कोण येतंय?"

पहिला हात गुंजनचा वर गेला. "मी येते," ती म्हणाली. मराठीत. या वेळी तिचे तोंड आईकडे होते.

आता मंडळाचे रविवार कधी झूटरमेरला असतात, कधी बाडहूव्हडॉर्पला. मी दादांच्या गाडीत मागे आडवा पडून, घोंगडीत गुंडाळलेला, इकडून तिकडे जातो. हर्षाच्या खिडकीशी माझी जागा राहिली नाही. तिथे आता एक उंच कुंडी आहे आणि तिचा मला हेवा वाटतो. वैशाख पौर्णिमेला रविकांत माझ्यामागे उभा राहिला. तो पाच वाक्ये बोलला आणि सहावे विसरला. लोकांनी वाट पाहिली. ते त्याला आठवले.

निशिगंधाचे भाषण असले की मला अजून बाजूला सरकवतात. गुंजन तिला भेटायला लायडनला जाते तेव्हा हर्षाचा चेहरा अजून उतरतो. त्या संध्याकाळी ती भांडी जोरातच लावते, असे केतन सांगतो. पण निशिगंधा बोलून थांबली की सभागृहात पहिली टाळी हर्षाची असते. ती टाळी गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात वाजते. मला ती आवडते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाची काळजी घेणे फार अवघड नसते. ओल्या फडक्याने पुसू नका, वर्षातून एकदा तेल लावा, ढिले झालेले स्क्रू वेळेवर आवळा आणि ओले कोट खुंटीवर टांगा. माणसांची काळजी घेणे मला शिकवता येणार नाही. एवढेच सांगतो की हेवा वाटला तर वाटू द्या. तो काही कोणाला विचारून येत नाही. पण ज्याचा हेवा वाटतो त्याला कोणी गप्प करत असेल, तर तुम्ही गप्प राहू नका. जरा सरका आणि त्याला बोलावून घ्या. मी मोजून पाहिले आहे, माझ्यामागे दोन माणसे सहज मावतात.